असू दे, लागेल

दुपारी जेवणं झाल्यावर धोंडोपंतांचं, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळातल्या माझ्या पात्राचं, शीट नव्या कागदावर उतरवायला बसले. जुन्या कागदाची पार दशा झाली होती. हिट पॉइंट्सचा, म्हणजे अंगात किती जीव उरलाय त्या आकड्याचा, चौकोन खोडून खोडून इतका विरला होता की मधोमध भोक पडून खालचा टेबलक्लॉथ दिसत होता. आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तंबीच दिली होती, "हे भोक घेऊन पुढच्या रविवारी आलीस तर पंत गेले असं धरीन."

धोंडोपंत हा माझा ड्वार्फ. चार फूट उंची, पोटापर्यंत दाढी, हातात कुऱ्हाड आणि तोंडात शिव्या. नाव खरं तर काहीतरी भारदस्त ठेवायचं ठरलं होतं, पण डीएमने ऐनवेळी विचारलं आणि तोंडातून हेच निघालं. आमच्यातल्या एकाच्या पात्राचं, एका एल्फचं, नाव एलारियन अमुकतमुक आहे, त्याची दोन पानं वंशावळही आहे. आम्ही त्याला एल्या म्हणतो. बाकी एरवी मी आवाज चढवणारी बाई नाही. पण रविवारी दुपारी शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ऐकू जातं, "मी दार लाथेने फोडतो, आत घुसतो आणि पहिला जो दिसेल त्याच्या... थांबा हं, दूध उतू जातंय, आलेच."

तर, उतरवता उतरवता सामानाच्या यादीवर आले. वळकटी, चकमकीची डबी, १० मशाली, १० दिवसांचा शिधा, पाण्याची पखाल, ५० फूट दोर. हे सगळं नियमांच्या पुस्तकात एकगठ्ठा मिळतं, त्यामुळे दोर बहुतेकांच्याच पाठीवर असतो. तरी विहिरीत उतरायची वेळ आली की "दोर कोणाकडे आहे रे?" म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघतात. यादीत सगळ्यात शेवटी 'हीलिंग पोशन', म्हणजे जखमा भरणाऱ्या औषधाची बाटली. तिथे आधी चार होता, त्यावर एकदाच रबर फिरलेलं आणि शेजारी तीन.

मी पोशन पीत नाही. धोंडोपंतांच्या अंगात तीर घुसलेत, कोळ्याचं विष चढलंय, एका लढाईत दोनच हिट पॉइंट्स उरले होते, तरी बाटलीला हात लावला नाही. बाकीचे मिळाली की घटाघटा पितात. आमचा चोर तर खरचटलं तरी पितो. त्याला पैशाची किंमत नाही. एका बाटलीला सोन्याची ५० नाणी पडतात आणि मिळतं काय, तर चार बाजूंचे दोन फासे टाकायचे, वर दोन मिळवायचे. म्हणजे जास्तीत जास्त दहा हिट पॉइंट्स. शिवाय तो चार बाजूंचा फासा मला मुळातच आवडत नाही. गडगडत नाही, नुसता थपकन बसतो, आणि रात्री अंधारात पायाखाली आला तर खरेखुरे हिट पॉइंट्स जातात.

जपून ठेवण्याबद्दल मला फार बोलणी खावी लागतात, म्हणून एक माहिती मी पदरी ठेवून आहे. हा खेळ ज्या दोघांनी काढला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन, त्यांतला गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता. कोणाच्या जिवाला किती धोका आणि त्याचा हप्ता किती, हे ठरवणारा माणूस. ती नोकरी गेल्यावर तो घरी चपला-बूट दुरुस्त करायचा. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गायगॅक्सच्या छोट्या कंपनीने पहिल्या १००० प्रती काढल्या, खोक्यात तीन लहान पुस्तिका, आणि ती खोकी हातांनीच भरली. आता विम्याच्या माणसाने काढलेल्या खेळात जपून राहिलं तर काय बिघडलं? डीएमला हे पटत नाही. तो म्हणतो, गायगॅक्सच्या गुहांमध्ये माणसं पटापट मरायची. असेल.

ही सवय आमच्या घरातली. काकाने दुबईहून आईसाठी सेंटची बाटली आणली होती. चपटी, पिवळसर, वर काचेचं टोपण. आईने ती खोक्यासकट कपाटात, जरीच्या साड्यांच्या मागे ठेवली. आत्येबहिणीच्या लग्नात लावायचं ठरलं. लग्न मे महिन्यात होतं, घामाने वाया जाईल म्हणून राहिलं. मग मुंजी आल्या, वास्तुशांत आली, बाबांच्या ऑफिसातलं कोणाचं तरी रिसेप्शन आलं. दर वेळी खोकं निघायचं, आई बाटली उजेडात धरायची, "असू दे, लागेल कधीतरी," म्हणायची आणि परत आत. एका दिवाळीत असंच काढलं तर बाटली पाऊण रिकामी. दादाला आणि मला समोर उभं करून चौकशी झाली. आमचे हात हुंगले, दप्तरं हुंगली. दादाने शाळेच्या गॅदरिंगला केसांना तेल जास्त लावलं होतं, एवढ्यावरून त्याच्यावर संशय पक्का झाला. खरं म्हणजे टोपण नीट बसत नव्हतं. सेंट आपल्याआपण उडून गेलं होतं, आणि ते कपाट उघडलं की हिवाळ्याच्या स्वेटरांनासुद्धा कोणाच्या तरी लग्नाचा वास यायचा. बाबा म्हणाले, वापरलं गेलंच की. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पोशन उडून जात नाही, हा केवढा फायदा.

तो खोडलेला चार मात्र एल्यापायी. खाणीतल्या ऑगरने, म्हणजे धिप्पाड राक्षसाने, त्याला सोटा हाणला आणि एल्या शून्यावर गेला. शून्यावर गेलं की बेशुद्ध. मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर एक पाऊल अलीकडे, खाली पडलं तर एक पलीकडे. पलीकडची तीन झाली की संपलं. एल्याची दोन झाली होती. पाळी माझी होती. बेशुद्ध माणसाला पोशन पाजता येतं, पण आमच्या जुन्या, २०१४च्या नियमांत त्यात आपली पाळी जाते, आणि मला ऑगरच्या गुडघ्यावर कुऱ्हाड घालायची होती. सगळे माझ्या कागदाकडे बघायला लागले.

"अगं, चार आहेत तुझ्याकडे!"

"पंचावन्न टक्के चान्स आहे त्याला," मी म्हटलं. "टाकू दे ना एकदा."

कोणी काही बोललं नाही. चिवड्याच्या बशीतला चमचासुद्धा थांबला. एल्याचा मालक शांतपणे वंशावळीची दोन पानं घडी घालत होता, ते मला बघवेना. पाजलं. फासे टाकले. एक आणि एक, वर दोन. चार. सोन्याची ५० नाणी आणि चार! मी ओरडणारच होते, पण तेवढ्यात डीएमने एल्याला विचारलं, "तू डोळे उघडतोस. तोंडात चव कसली आहे?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इतके महिने पाठीवर बाटल्या वागवतेय, साधं बूच काढून वास घेतला नव्हता.

एल्याच्या मालकाने डोळे मिटले. बराच विचार केला.

"सोलकढी," तो म्हणाला. "लसूण जरा जास्त झालाय."

मग ऑगरची पाळी आली.