डावा हात काळा, डी मात्र ११

माझं टेबल खिडकीला लागून आहे. सकाळी दहापासून ऊन थेट डाव्या हातावर येतं, इतकं की डावा हात उजव्यापेक्षा दोन शेड काळा झालाय. त्यामुळे जेव्हा मांड्या ठणकायला लागल्या, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढायची वेळ आली आणि डॉक्टर म्हणाले व्हिटॅमिन डी करून घ्या, तेव्हा मला हसूच आलं. वर्षभर लख्ख ऊन असलेल्या देशात राहून डी कमी कसं होईल? रिपोर्ट आला ११ नॅनोग्रॅम. २० च्या खाली गेलं की बहुतेक डॉक्टर कमी म्हणतात, १२ च्या खाली म्हणजे हाडांचंच टेन्शन.

मग बसलो वाचत, आणि पहिला फटका त्या खिडकीनेच दिला. उन्हात अल्ट्राव्हायोलेटचे दोन प्रकार येतात, ए आणि बी. डी तयार करतो तो बी. आणि साधी खिडकीची काच बी जवळपास सगळा अडवते, ए मात्र बराच आत सोडते. म्हणजे हात काळा होणार, डी शून्य. गाडीत काचा वर करून उन्हात तासन् तास फिरणाऱ्यांचंही तेच.

दुसरा फटका जास्त लागला. मी रोज पहाटे चालायला जातो, परत येताना कोवळं ऊन अंगावर घेतो आणि मनात म्हणतो झालं आजचं काम. पण सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरके येतात, हवेच्या कितीतरी जाड थरातून येतात आणि त्यातला बी वाटेतच संपतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डी जेमतेमच बनतं, आखूड असेल तर बनतं. आता गंमत बघा, जिथे ऊन कडक तिथे सावली आखूड असण्याची वेळ म्हणजे नेमकी माणसं आत पळतात ती वेळ. आणि पळणारच ना, टळटळीत दुपारी कोण उभं राहील? म्हणून मला वाटतं ऊन भरपूर असलेल्या देशात राहणं हाच एक रिस्क फॅक्टर आहे, कारण ऊन जितकं जास्त तितकं आपण त्याच्यापासून लपायला शिकतो. फुल बाह्या, टोपी, स्कार्फ, एसी, बेसमेंटमधलं पार्किंग, लिफ्ट. दिवसभरात उघड्या कातडीवर ऊन पडतं ते गाडीपासून दारापर्यंत. नाइट शिफ्टवाल्यांचं तर विचारूच नका. धूर आणि धुरकं पण बी खातं, म्हणजे बाहेर पडलात तरी मिळेलच असं नाही.

त्यात आपला सावळा रंग. मेलॅनिन हे कातडीचं स्वतःचं सनस्क्रीन आहे, कॅन्सरपासून वाचवतं हे चांगलंच, पण तेवढंच डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. खऱ्या सनस्क्रीनला मात्र मी फार दोष देणार नाही, बाटलीवरच्या आकड्याइतकं काम व्हायला जेवढं थापावं लागतं तेवढं कोणीच थापत नाही.

आणि उन्हात राहिलं म्हणजे नक्की मिळतं असंही नाही हो. २००७ साली हवाईमधल्या ९३ जणांचा अभ्यास छापून आला होता, ही मंडळी आठवड्याला सरासरी जवळपास २९ तास उन्हात असायची, तरी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांची पातळी ३० च्या खाली, त्या अभ्यासात कमी म्हणायची रेषा तीच होती. कातडीत एका मर्यादेपर्यंतच डी बनतं, पुढचं ऊन ते मोडून टाकतं. त्यामुळे उन्हाने डीचा ओव्हरडोस होत नाही. गोळ्यांनी मात्र होतो, रक्तात कॅल्शियम चढतं आणि किडनीला त्रास, म्हणून शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण पण मोठ्या डोसच्या गोळ्या महिनोन् महिने खायच्या हे नको.

आता ऊन बाजूला ठेवू, कारण माझ्या केसमध्ये पोट पण होतं. डी चरबीत विरघळतं, वजन जास्त असेल तर ते चरबीत पसरून जातं आणि रक्तात कमी दिसतं. तेवढ्याच गोळीने बारीक माणसाचा आकडा झपकन वर जातो, माझा रखडत. वयाचंही तसंच, कातडीतला कच्चा मालच घटतो, सत्तरीच्या माणसाची कातडी तेवढ्याच उन्हात विशीतल्या माणसाच्या निम्म्याहून कमी डी बनवते, आणि वर म्हातारी माणसं घराबाहेर पडतच नाहीत. माझी मावशी गुडघ्यांमुळे दोन वर्षं घरातच आहे, तिची टेस्ट करायचं आमच्यापैकी कोणाला सुचलंही नव्हतं.

ज्यांच्याकडे लोकांचं लक्षच जात नाही ती म्हणजे औषधं. फिटच्या जुन्या गोळ्या, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटॉल, आणि टीबीचं रिफॅम्पिसिन, यांनी लिव्हर डी लवकर संपवतं. स्टेरॉइड्स बरेच महिने चालू असतील तरी विचारावं. सिलिॲक, क्रोन्स असे आतड्याचे आजार असतील किंवा वजनासाठी पोटाचं बायपास झालेलं असेल तर खाल्लेलं डी आतड्यात नीट शोषलंच जात नाही. लिव्हर किंवा किडनी बिघडली तर मिळालेलं डी कामाच्या रूपात बदलत नाही. खाण्यातून मुळात फार कमी येतं, तेलकट मासे, अंड्याचा बलक, डी घातलेलं दूध, बस.

एक माझा गाढवपणा पण सांगतो. दुसऱ्या वेळी मी स्वतःच टेस्ट बुक केली आणि चुकून १,२५ वाली केली, म्हणजे किडनीने कामाच्या रूपात बदललेलं डी मोजणारी. ती नॉर्मल आली, मी खूश. डॉक्टर म्हणाले ही नाही हो, २५-हायड्रॉक्सी बघायची असते, शरीरातला डीचा साठा तीच सांगते. डी कमी पडलं की पॅराथायरॉइड हार्मोन (गळ्यातल्या ग्रंथींचं, कॅल्शियम सांभाळणारं) वाढतं आणि किडनीकडून काम करवून घेतं, त्यामुळे १,२५ नॉर्मल, कधीकधी जास्तसुद्धा दिसते. पैसे गेले ते गेलेच.

तीन महिने गोळी घेऊन परवा आकडा २७ आला. जिना आता कठडा न धरता चढतो. चालायला अजूनही पहाटेच जातो, ते हवेसाठी. ऊन घ्यायचं असलं की जेवणाआधी बाह्या वर करून दहा-पंधरा मिनिटं बाहेर, कातडी लाल व्हायच्या आत परत, आणि आधी सावली बघतो. ऑफिसमधले विचारतात खाली मान घालून काय शोधतोयस.