ग्रेट मेडोवरची अंडी

वॉशिंग्टनपासून पश्चिमेला गाडीने तासाभराच्या वाटेवर, व्हर्जिनियातल्या ‘द प्लेन्स’ या छोट्या गावाजवळ ग्रेट मेडो नावाचं मोठं कुरण आहे. एरवी ते घोड्यांच्या अडथळा शर्यतींसाठी प्रसिद्ध. मे महिन्यातला एक शनिवार मात्र तिथे शाळकरी मुलांच्या रॉकेट-स्पर्धेचा असतो. देशभरातून आलेले शंभर संघ, रंगीबेरंगी टी-शर्ट, लांबट खोक्यांत जपून आणलेली रॉकेटं आणि अंडी. कच्ची, कोंबडीची, बाजारात मिळतात तशीच.

अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज असं या स्पर्धेचं आजचं नाव. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं होणार म्हणून अमेरिकेतल्या विमान-उद्योगाच्या संघटनेने आणि नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या हौशी रॉकेटवाल्यांच्या संस्थेने मिळून ती सुरू केली. 2003 साली ती एकदाच व्हायची होती. दोन अंडी घेऊन 1500 फूट गाठायचे, एवढंच तेव्हाचं काम होतं. मुलांनी ती इतकी उचलून धरली की मग बंद करायला कोणी धजावलं नाही. पुढे उंचीच्या जोडीला उडाल्यापासून उतरेपर्यंतची ठरलेली वेळही आली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, स्पर्धा अंडं वाचवण्याची आहे. तसं नाही. अंडं फुटलं तर ते उड्डाण बाद, एवढाच त्याचा वाटा. जिंकणं-हरणं ठरतं उंचीच्या फुटांवर आणि सेकंदाच्या अंशांवर. समजा लक्ष्य आहे 800 फूट आणि 40 ते 43 सेकंद. रॉकेट 804 फूट गेलं तर चार गुण पदरी. 44.2 सेकंदांनी उतरलं तर 1.2 सेकंद जास्त, त्याचे चौपट म्हणजे 4.8. एकूण 8.8. गुण जितके कमी तितकं चांगलं, गोल्फसारखं. सोबत येणाऱ्या पालकांना हे उलटं गणित पहिल्या वर्षी कळतच नाही. मुलगा तोंड पाडून सांगतो ‘पन्नास आले’ आणि हे टाळ्या वाजवतात.

उंची आणि वेळ ही दोन लक्ष्यं एकमेकांचे पाय ओढतात. 800 फुटांवर पोचायला साधारण सात सेकंद लागतात. उरलेल्या पस्तीसेक सेकंदांत 244 मीटर खाली यायचं, म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. सगळं मिळून 570 ग्रॅम उतरणार असेल तर साध्या चपट्या पॅराशूटचा व्यास 58 सेंटिमीटरच्या आसपास लागतो. वारा बघून वजन कमी केलं की रॉकेट वर जातं, आणि हलकं झालं म्हणून वर जास्त वेळ तरंगतंही. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं बिघडतं. म्हणून मुरलेले संघ एकच पॅराशूट आणत नाहीत. दोन-दोन सेंटिमीटरच्या फरकाने कापलेली पाच-सहा घडी करून आणतात, किंवा एकाच पॅराशूटच्या मधलं भोक मोठं-लहान करायची सोय ठेवतात. वजनासाठी नाकाच्या मागे मातीच्या गोळ्या किंवा वॉशर. साधारण एका ग्रॅमला दोन फूट हा तिथला व्यवहारी हिशोब. त्या मैदानात सगळ्यात गर्दी कुठे असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याभोवती.

रॉकेट सहसा 66 मिलिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीचं. अंड्याचा व्यास 45 मिलिमीटरपर्यंत, वजन 55 ते 61 ग्रॅम, म्हणजे भोवती सेंटिमीटरभर फोम बसतो. पंख तीन मिलिमीटर प्लायवुडचे, लेझरने कापलेले. बाल्साचे पंख हलके खरे, पण उतरताना कोपऱ्यावर आपटले की तुटतात आणि दुसऱ्या उड्डाणाला हातात काही उरत नाही. उड्डाणाच्या वेळी एकूण वजन 650 ग्रॅमच्या आत, मोटर, म्हणजे रॉकेटचं मसाल्याचं इंजिन, ‘एफ’ वर्गापर्यंतची. 600 ग्रॅमच्या रॉकेटला सुरुवातीला 80 न्यूटनचा जोर मिळाला की अंड्यावर बारा-तेरा पट गुरुत्व येतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण यात अंडं फुटत नाही. जोर एका दिशेने आणि सावकाश चढतो, खाली फोम असतो.

अंडं फुटतं ते दुसरीकडेच. शॉक कॉर्ड, म्हणजे नाकाचा भाग नळीला जोडणारी दोरी, आखूड ठेवली की पॅराशूट बाहेर पडताना नाकाचा भाग हिसका खाऊन परत येतो आणि नळीच्या कडेवर आपटतो. दोरी रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट हवी, हे प्रत्येक संघाला सांगावं लागतं आणि प्रत्येक संघ पहिल्यांदा ती आखूडच ठेवतो. मोटरजवळचा भाग केव्हलारचा, कारण गरम वायूत रबर जळतं, वरचा इलास्टिक. दुसरं कारण म्हणजे फोम फार घट्ट बसवणं. झाकण दाबून बंद केलं की अंडं आधीच ताणात असतं, मग जमिनीवरचा साधा धक्काही पुरतो. सहा-सात मीटरच्या वेगाने उतरताना थांबायला दोन सेंटिमीटर मिळाले तर शंभर-एक पट गुरुत्व बसतं, पाच सेंटिमीटर मिळाले तर चाळीस-पन्नास. म्हणून फोम मऊ हवा, दाबला जायला जागा हवी. थर्माकोलसारखा कडक फोम कामाचा नाही. तिसरं कारण अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारं छोटं यंत्र. तो टणक, आणि मुलं त्याला अंड्याच्या कप्प्यात कोंबतात. आणि ज्या वर्षी दोन किंवा तीन अंडी असतात, तेव्हा अंडंच अंड्याला फोडतं. मधला फोम पातळ ठेवण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचं रॉकेट रंग बदलून आणता येत नाही. 2009 साली अंडं आडवं ठेवायचं होतं, अंतराळवीर पाठीवर झोपतो तसं. 2014 साली दोन अंडी आणि दोन सारखी पॅराशूटं. 2019 साली, अपोलो 11 ला पन्नास वर्षं झाली म्हणून तीन अंडी, तीन अंतराळवीरांच्या नावाने, 856 फुटांवर. आडव्या अंड्याच्या वर्षी सगळे धास्तावले होते, कारण अंडं टोकावर मजबूत असतं असं सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं. 2025 मध्ये एमआयटीच्या अभियंत्यांनी शेकड्याने अंडी पाडून दाखवलं की आपटताना आडवंच अंडं जास्त टिकतं. ते अधिक वाकतं आणि धक्का पचवतं. जुन्या मेंटरांमध्ये यावरून अजून वाद होतात. आमचं मत एमआयटीच्या बाजूने, पण फोमवर कंजूषी करायला ती सबब नको.

शनिवारी पहाटे मैदानावर दव असतं. थंडीत पॅराशूटच्या घड्या एकमेकींना चिकटतात, म्हणून लहान बाळांची टाल्कम पावडर लावतात. सगळ्यांच्या हाताला तोच वास. पॅराशूटच्या खाली न जळणारं वॅडिंग, म्हणजे कागदाचे बोळे. ते कमी पडलं की प्लास्टिकला भोकं पडतात, जास्त कोंबलं की इजेक्शन चार्ज, म्हणजे मोटरमधला छोटा स्फोट, पॅराशूट बाहेर ढकलू शकत नाही. मग सुरक्षा तपासणी: पंख हलवून बघतात, मोटर अडकवली आहे का, गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे आहे का. तपासणारे हौशी रॉकेटवाले, बहुतेक पिकल्या केसांचे, मुलांशी तितक्याच गांभीर्याने बोलतात जितकं मोठ्या रॉकेटवाल्यांशी बोलतील. त्यांची ती सवय आम्हाला फार आवडायची.

मोटरचा ‘डिले’ हा वेगळाच विषय. मोटर जळून संपली की रॉकेट आपल्या वेगाने वर जात राहतं आणि काही सेकंदांनी चार्ज उडून पॅराशूट बाहेर येतं. ते अगदी शिखरावर यायला हवं. लवकर उडालं तर रॉकेट वेगात असतं, दोरी पुठ्ठ्याच्या नळीला वरून खाली चिरत जाते. उशिरा उडालं तर खाली येताना तेच. रॉकेटवाले त्याला ‘झिपर’ म्हणतात आणि चिरलेली नळी बघितली की नाव पटतं. त्यासाठी हातातल्या छोट्या ड्रिलने डिलेचा मसाला खरवडून सेकंद कमी करतात. नळीच्या तोंडाला आतून पातळ सुपरग्लू मुरवलं की ती इतकी चिरत नाही.

विमानातून मोटर नेता येत नाही. म्हणून लांबून येणारे संघ मैदानावरच्या विक्रेत्याकडून मोटर घेतात. वेगळ्या खेपेतल्या मोटरचा जोर थोडा वेगळा असू शकतो, त्यामुळे घरी जमवलेलं गणित पाच-दहा फुटांनी सरकतं. ओपनरॉकेटसारख्या मोफत प्रोग्रॅमवर मुलं आधी शेकडो उड्डाणं करून बघतात, पण तो प्रोग्रॅम हवेचा विरोध जरा कमीच धरतो. खऱ्या उड्डाणांची उंची बघून ओढ-गुणांक वाढवत नेला की मगच तो खरं बोलायला लागतो. भर उन्हात हवा विरळ होते, रॉकेट वर जातं, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा पॅराशूटला धरून ठेवते. सकाळी नऊला आणि दुपारी दोनला एकच रॉकेट दोन वेगळी उत्तरं देतं. शिवाय अंतिम फेरीत लक्ष्यच काही फूट वर-खाली सरकवतात, म्हणजे पाठ करून आलेल्यांची पंचाईत.

रॉकेटला सरळ वर सोडणारी रेल सहा फुटी, माणसं निदान तीस फूट लांब, पाचपासून उलटी गणती. कधी मोटर पेटवणारा इग्नायटरच पेटत नाही. क्लिपा घासायच्या, इग्नायटर मसाल्याला टेकेपर्यंत आत सारायचा, पुन्हा रांगेत. वाऱ्यात रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि उंची गमावतं. खाली दोन स्टॉपवॉचवाले मान वर करून उभे, त्यांच्या वेळांची सरासरी धरतात. झाडीमागे गेलं की घड्याळ तिथेच थांबतं.

मग संघ धावत सुटतो. रॉकेट हातात न घेता आधी कान लावतात, कारण अल्टिमीटर उंची पिपाणीच्या आवाजात सांगतो: आठ वेळा पिप्, थांबा, शून्यासाठी दहा वेळा, थांबा, चार वेळा. वाऱ्यात मोजताना दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत, पुन्हा ऐकावं लागतं. अधिकाऱ्यांसमोर कप्पा उघडायचा, पिशवीतलं अंडं बाहेर काढून हळूच फिरवून दाखवायचं. केसाइतकी भेग असली तरी बाद. पिशवीत ओल दिसली की एखादी मुलगी काही न बोलता झाकण पुन्हा लावते. रॉकेट उंच ओकच्या शेंड्यात अडकलं तर अंडं शाबूत असूनही उपयोग नाही, ते परत आणून दाखवायलाच हवं.

अलीकडे संघांच्या याद्यांत आपल्याकडची आडनावं बरीच दिसतात. जन्मात अंडं न खाल्लेल्या घरांच्या फ्रीजमध्येही सरावाच्या महिन्यांत डझनाचे खोके ठेवावे लागतात. आज्या-आजोबा भेटीला आले की आधी त्याचा खुलासा करावा लागतो. पालकांच्या तंबूत चिवडा आणि थेपले फिरतात, आणि दुपारनंतर अर्धे पालक वाऱ्याच्या दिशेबद्दल तज्ज्ञासारखं बोलायला लागलेले असतात.

2020 साली महामारीमुळे अंतिम फेरी झाली नाही. मुलांनी शरद ऋतूपासून बांधलेली रॉकेटं घरीच राहिली, आणि बारावीतल्यांना पुढची संधी नव्हती.

पहिला आलेला संघ उन्हाळ्यात एका वर्षी पॅरिसच्या, दुसऱ्या वर्षी इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात जातो, ब्रिटन, फ्रान्स आणि जपानच्या विजेत्यांशी खेळायला. पुन्हा नवीन मैदान, नवीन हवा, मोटर तिथे पोचल्यावर मिळणार. बॅगेत काटा, मातीचा गोळा आणि तीन मापांची पॅराशूटं आधी भरायची, कपडे नंतर.