मेंबर गेले तरी चालू राहिलेला बँड

हेवी मेटल म्हटलं की आपल्याकडे लोकं अमेरिका, इंग्लंड, फार तर नॉर्वेपर्यंत जातात, पण इंडोनेशियात मेटलचं केवढं वेड आहे हे फार कुणाला माहीत नसतं. तिथले जोको विडोडो राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी जकार्ताचे गव्हर्नर होते, तेव्हा २०१३ मधे मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या बेसिस्टने त्यांना बेस गिटार भेट पाठवलं आणि पक्के मेटल फॅन असूनही त्यांना ते भ्रष्टाचारविरोधी खात्याकडे जमा करावं लागलं.

तर त्याच जकार्ताचा 'केकल' हा बँड मी सध्या दिवसरात्र ऐकतोय. १९९५ ला सुरू झाला, पहिला अल्बम आला १९९८ ला, म्हणजे ज्या वर्षी तिथला हुकूमशहा सुहार्तोची सत्ता गेली, रुपिया कोसळला होता, देश पेटला होता आणि ही पोरं ब्लॅक मेटल (मेटलचा कर्कश, वेगवान, बहुतेकदा धर्मविरोधी प्रकार) करत होती तेही स्वतःच्या जोरावर. सुरुवातीला लोकं त्यांना ख्रिश्चन ब्लॅक मेटल म्हणायची, पण ते लेबल त्यांना फार दिवस पुरलं नाही. २००३ च्या 'वन थाउजंड थॉट्स ऑफ व्हायलन्स' पर्यंत त्यात प्रोग्रेसिव्ह (गुंतागुंतीची, लांबलचक रचना) आलं, इलेक्ट्रॉनिक आलं, आणि २००७ च्या 'द हॅबिट ऑफ फायर' मधे तर शहराचा गोंगाट, लूप्स (तोच तुकडा पुन्हा पुन्हा), मधेच एकदम शांतता, मेटल शोधावं लागतं. जुन्या फॅन्सनी नावं ठेवली असतील तर ठेवोत, मला तोच त्यांचा सगळ्यात धाडसी अल्बम वाटतो.

बँडला कायमचा ड्रमर नव्हता म्हणून ड्रम्स बरेचसे मशीनवर प्रोग्राम केलेले. आमच्या कोकणातल्या गावच्या नमन (शिमग्यातलं लोकनाट्य) मंडळात मृदंग वाजवणाऱ्या चुलतभावाला मुद्दाम हेडफोन लावून ऐकवलं, त्याचं बोट मांडीवर ताल धरत होतं, मग थांबला आणि म्हणाला, "दादा, ह्यो मानूस नाय वाजवीत, दम खातच नाय कुठं." बरोब्बर पकडलंन! हात दमतो, मशीन दमत नाही, आणि केकलच्या जुन्या गाण्यांत ती न थकणारी टकटक गिटारच्या खाली चालू असते म्हणूनच ती अंगावर येतात.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. जेफ अरवाडी, जो गातो, गिटार वाजवतो, रेकॉर्डिंगही करतो, तो २००६ च्या सुमारास कॅनडाला गेला. २००८ च्या नाताळात त्यांनी 'ऑडिबल मायनॉरिटी' नेटवर फुकट देऊन टाकला. आणि २००९ मधे जेफने बँड सोडला, बाकीच्यांनीही सोडला, पण बँड काही बंद केला नाही! अधिकृत मेंबर एकही नाही, जुनेच लोक जमेल तसं संगीत पाठवतात आणि ते केकलच्या नावाने निघतं. असंच २०१२ ला 'ऑटोनॉमी' आला, २०१५ ला 'मल्टिलॅटरल', २०१८ ला 'डीपर अंडरग्राउंड', २०२० ला 'क्वांटम रेझोल्युशन'.

लोकांना हे विचित्र वाटतं पण कोकणातल्या माणसाला का वाटावं? आमचं नमन मंडळ बघा, निम्मी माणसं मुंबईला, कोण रिटायर झालं, कोण वारलं, तरी शिमग्याला मंडळ उभं राहतंच आणि मंडळ कुणाच्या बापाचं नसतं. केकलने हेच लेबलं, करार, टूर असल्या धंद्यात राहून केलं, जिथे नावावरून कोर्टकचेऱ्या होतात, मेंबर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. याचं मला फार म्हणजे फारच कौतुक वाटतं.

कुणाला ऐकायचा असेल तर २००५ च्या 'अ‍ॅसिडिटी' पासून सुरुवात करा, त्यात चालीही आहेत आणि आरडाओरडाही आहे, मग मागे 'द पेनफुल एक्स्पीरियन्स' ला जा, आणि 'हॅबिट ऑफ फायर' शेवटी ठेवा, लाइट गेलेली असताना, हेडफोन लावून, मधे न थांबता.