तुम्ही विचारलंत म्हणून: पॅराग्वेत ग्वारानी कशी टिकली?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे देशाचा विषय निघाला की वर्गात हटकून प्रश्न येतो: राज्य स्पेनचं होतं, मग तिथले लोक अजून ग्वारानी, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, कसे बोलतात? तेही आदिवासी नसलेले?

माझं उत्तर एका शब्दात आहे: सोयरीक. पण हा शब्द वाटतो तितका गोड नाही.

१५३७ साली स्पॅनिशांनी आसुन्सिओन, आजची राजधानी, वसवली. सोनं निघेना, समुद्र लांब, स्पॅनिश बायका जवळपास नाहीतच. ग्वारानींच्या रीतीप्रमाणे मुलगी दिली की जावई घरचा झाला आणि तिच्या भावांनी त्याच्या शेतात राबायचं. स्पॅनिशांनी ही रीत बरोबर हेरली. एकेकाने कितीतरी बायका केल्या, आणि दिल्या नाहीत तिथे पळवून आणल्या. गव्हर्नर दोमिंगो मार्तीनेस दे इराला याने १५५६ च्या मृत्युपत्रात सात ग्वारानी बायकांपासून झालेली नऊ मुलं आपली म्हणून मान्य केली. मुलांची नावं मानाने लिहिली. आयांपुढे मात्र ‘मोलकरीण’. मला हा कागद फार बोचतो. पण अंगाई त्या मोलकरणींच्याच भाषेत होती ना! बाप स्पॅनिश, घर ग्वारानी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

जेझुइट या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी नंतर या भाषेला व्याकरण आणि कोश दिले. माझ्या मते ते दुय्यम. आयांनी ती आधीच राखली होती. पुढे शाळेत ग्वारानी बोललं की शिक्षा व्हायची. आणि त्याच देशाने १९३२ ते ३५ च्या चाको युद्धात लष्करी निरोप मात्र ग्वारानीत धाडले, बोलिव्हियाला कळू नयेत म्हणून! राजभाषेचा दर्जा मिळायला १९९२ ची राज्यघटना यावी लागली. आज रस्त्यावर स्पॅनिश मिसळलेली बोली ऐकू येते, तिला ‘जोपारा’ म्हणतात. शुद्धतावादी नाकं मुरडतात. आपल्याकडच्यांसारखेच.

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, ‘आम्ही’ म्हणजे ‘नोसोत्रोस’. मग ‘आपण’ला काय?”

म्हटलं, स्पॅनिशमध्ये तेच. ग्वारानीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणारा बाहेर असेल तर ‘ओरे’, आत असेल तर ‘न्यांदे’.

तिने वहीत ‘नोसोत्रोस’ खोडलं नाही, शेजारी ‘न्यांदे’ लिहिलं.