तुम्ही विचारलेत म्हणून: इतके गोल करूनही ‘थांबा’ का?

हॉकी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या चौदा वर्षांच्या सेंटर फॉरवर्डच्या नावापुढे मी निवड अहवालात ‘आणखी एक मोसम पाहावा’ असे का लिहिले, हे मला अजूनही विचारले जाते; विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते.

त्याचे गुण मी कधी नाकारले नाहीत. चेंडू डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, येण्याआधीच तो दूरच्या खांबाकडे सरकलेला असे आणि स्टिक फारशी मागे न नेता फटका मारी, त्यामुळे गोलरक्षकाला पाय हलवायलाही वेळ मिळत नसे. ही जाण शिकवून येत नाही. परंतु त्याचे निम्म्याहून अधिक गोल वेगाच्या आणि खांद्यांच्या जोरावर झाले होते, आणि ज्याचे शरीर आधी भरते त्याची ही आघाडी बरोबरीची मुले वाढली की संपते.

उपांत्य सामन्यात समोरच्या बचावपटूने हे अचूक हेरले. तो त्याला सतत डावीकडे रेटत राहिला. रिव्हर्स स्टिकवर, म्हणजे स्टिक उलटी फिरवून डावीकडून खेळण्यावर, विश्वास नसल्याने आमचा मुलगा दर वेळी उजवीकडे वळायला थांबे आणि तेवढ्यात चेंडू जाई. चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राही, आणि प्रतिस्पर्धी आमच्या गोलपासून पंचवीस यार्डांत पोहोचलेले असत. शेवटच्या मिनिटांत मात्र त्यानेच डिफ्लेक्शनवर, येत्या चेंडूला नुसती स्टिक लावून, गोल केला आणि आम्ही जिंकलो. “सर, जिंकवलं कोणी?” वडिलांनी विचारले. मुलगा बाजूलाच खाली मान घालून स्टिकची सुटलेली ग्रिप सोलत होता. मी म्हणालो, “त्यानेच.” तरीही अहवाल बदलला नाही.

‘धनराजला कुणी थांबवले होते का?’ हा धनराजच्या गावचा, पुण्याजवळच्या खडकीतला, हुकमी प्रश्न. पण भारताचे फॉरवर्ड धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळले ते केवळ गोलांच्या आकड्यावर नव्हे. चेंडू घेऊन धावत बचाव फोडणे आणि दुसऱ्याला संधी देणे ही त्यांची खरी किंमत होती. २०२४ च्या ज्युनिअर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात अरायजीत सिंग हुंदलने पाकिस्तानविरुद्ध चार गोल केले, त्यांतले तीन पेनल्टी कॉर्नरवरचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या ठरावीक संधीवरचे. ते कौशल्य मोठेच, पण फॉरवर्डचा खेळ जोखताना मी ते वेगळ्या रकान्यात लिहीन.

पूर्वी मीही आकडा पाहूनच नावे पुढे पाठवत असे, आणि तो पूर्वीचा मी आजही वाद घालतो: चौदाव्या वर्षी कौतुकच मिळाले नाही, तर डावी बाजू सुधारायला मूल मैदानावर येईल कशाला? याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. तो मुलगा आता कॉलेजच्या संघात मिडफिल्डला खेळतो आणि त्याचे पास चांगले जातात असे ऐकतो. वडील हा माझ्या बाजूचा पुरावा मानत नाहीत. खरे तर मीही मानत नाही.