तो आठ टक्क्यांचा रकाना

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज संस्था-व्यवस्थापनाच्या वर्गात सरांनी आल्या आल्या विचारलं, "ना-नफा संस्थेकडे वर्षाअखेर शिल्लक उरली तर चालतं का?" निम्म्या वर्गाने नाही म्हणून माना हलवल्या. त्यात मीही होते. नऊ वर्षं अशाच एका संस्थेत काम करून!

कायद्याचे अभ्यासक हेन्री हान्समन यांनी १९८० सालच्या लेखात हे स्वच्छ मांडलंय. शिल्लक खुशाल उरू दे, फक्त ती संस्था चालवणाऱ्यांनी आपसात वाटून घ्यायची नाही. पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा भलताच, त्यामुळे आपल्या पैशाचं काय झालं हे देणाऱ्याला धड दिसत नाही. निदान कुणी ते खिशात घालणार नाही, एवढी खात्री ही बंदी देते. 'ना-नफा' या शब्दानेच आमची दिशाभूल केली म्हणायची. आम्ही तर मार्चमध्ये उरलेला निधी कुठे खपवायचा म्हणून धावपळ करायचो. राखीव निधी म्हटलं की अपराध्यासारखं वाटायचं.

पण खरा घाम फुटला तो गृहपाठाने. आपल्याच संस्थेतला एक प्रकल्प घ्या आणि त्याचा पूर्ण खर्च काढा. मी शिकवणी वर्गांचा घेतला. शिक्षकांचं मानधन, वह्या-पुस्तकं हे सोपं. मग भाडं जागेच्या मापाने वाटा, वीजबिल वाटा, हिशेबनीस आणि संचालक या प्रकल्पावर किती तास घालवतात ते धरा, लेखापरीक्षणाची फी धरा. तासांची नोंद आमच्याकडे कुणीच ठेवत नाही, म्हणून फोन करकरून विचारलं. हिशेबनीस ताई हसल्या, "आता आठवण झाली का माझी?"

अशा वाटून आलेल्या, म्हणजे प्रशासकीय, खर्चाचा वाटा निघाला २१ टक्के. देणगीदाराच्या अर्जात गेली तीन वर्षं आम्ही ८ लिहितोय. आम्ही म्हणजे मीच, अर्ज मी भरते.

चोरी नव्हती ती. जास्त लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल ही भीती होती. पण याच वागण्याला २००९ मध्ये ग्रेगरी आणि हॉवर्ड या ना-नफा संस्थांच्या सल्लागारांनी उपासमारीचं चक्र म्हटलंय. देणगीदाराची अपेक्षा अवास्तव, म्हणून संस्था आकडा कमी दाखवते. तो कमी आकडा बघून देणगीदाराला वाटतं, एवढ्यात भागतंय की. पुढच्या वेळी अपेक्षा आणखी खाली. मधल्या मधे संस्था आतून पोखरत जाते. ताईंचा संगणक दोन वर्षं रखडलाय. "पुढच्या वर्षी बघू," हे दोन्ही वेळा मीच म्हणाले होते.

वर्गात एकजण म्हणाला, सगळा पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंतच जायला हवा. टाळ्या पडल्या. गेल्या वर्षी मीही वाजवल्या असत्या. आज मनात आलं, मग त्या पैशाचा हिशेब कोण ठेवणार, लाभार्थी?

गृहपाठ उद्या द्यायचाय, तो झाला. पण शुक्रवारी त्याच देणगीदाराचा नवा अर्जही जायचाय. तोच नमुना, तोच रकाना. गेल्या वर्षीच्या प्रतीतून उचललेला ८ तिथे आपोआप आला होता. तो खोडलाय. २१ अजून लिहिलेला नाही. आधी खजिनदारांशी बोलायला हवं, आणि त्यांनी विचारलं की मग तीन वर्षं काय लिहीत होतात, तर काय सांगायचं ते ठरवायला हवं.