पोरं झाली म्हणून पिशवीचं काम संपत नाही

"पोरे व्हई ग्यात, आते काय काम शे तिनं?" म्हणजे पोरं झाली, आता काय काम आहे तिचं? गर्भपिशवी काढायचा विषय निघाला की आमच्याकडे खानदेशात हे वाक्य हमखास ऐकू येतं, मग ती रावेरची मावशी असो नाहीतर धुळ्याची वहिनी. पाळीत जास्त जातंय, कंबर दुखतेय, अंगावरून पांढरं जातंय, सोनोग्राफीत पिशवीला सूज दिसली, कोणीतरी सांगितलं की पुढे कॅन्सर होईल, आणि मग कापूस विकला की ऑपरेशनची तारीख ठरते. माझ्या नात्यात, शेजारात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका बऱ्याच आहेत. मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, वर्गातल्या पोरींना हे सगळं सांगते आणि त्यांच्या आयांना कोणीच सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून आज जरा नीट लिहिते.

आईच्या पोटात पहिले सहा-सात आठवडे मुलगा काय आणि मुलगी काय, आतून सारखेच असतात, दोघांतही नळ्यांच्या दोन जोड्या असतात. मुलगी असेल तर त्यातली एक जोडी वाढते, वरचा भाग बीजनलिका होतो आणि खाली दोन्ही नळ्या एकमेकींना जुळून गर्भपिशवी तयार होते. अंड्यांचं तर मला दरवर्षी शिकवताना नव्याने नवल वाटतं. पोटातल्या पाच महिन्यांच्या मुलीच्या अंडाशयात ६० ते ७० लाख अंडी असतात, जन्माला येते तेव्हा १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. नंतर नवीन तयार होत नाहीत. म्हणजे तुम्ही ज्या अंड्यापासून झालात ते तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालेलं होतं. आणि आयुष्यभरात त्यातली बाहेर पडतात फक्त ४००-५००, बाकीची आपोआप जिरतात.

गर्भ तयार होतो तो पिशवीत नाही, नळीत, आणि पिशवीत येऊन रुजायला सहा-सात दिवस लागतात. एरवी पेरूएवढी ती पिशवी, साधारण ६० ग्रॅमची, नऊ महिन्यांत किलोभर होते आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात परत पूर्वीसारखी. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, आईचं अंडं दरवेळी एक्स गुणसूत्रच देतं, तरी ऐकून घ्यायचं बाईनेच. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८४२ मुली होत्या. मला हे सगळं एकच वाटतं, मुलगा होईपर्यंत पिशवी हवी, मुलगा झाला की ती नको.

आता खरा मुद्दा. चाळिशीनंतर अंडी संपत येतात, कधी पाळीत अंडंच सुटत नाही, मग पाळी मागेपुढे होते, कधी दोन महिने नाही आणि मग एकदम भसाभसा. आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या सुमारास पाळी जाते, सलग १२ महिने आली नाही की गेली समजायचं. अंगातून वाफा निघतात, आणि त्यात आमचा मे महिना, कूलरसमोर बसूनही जीव घाबरा होतो. ही काही वर्षं त्रासाचीच असतात, बाईला नुसतं "सहन कर" म्हणू नये, पण हा काळ पुढे सरतो, पिशवीत होणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठीसुद्धा पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आकसतात. नेमकं याच वर्षांत, कधी त्याच्याही आधी, पिशवी काढायचा सल्ला मिळतो.

पिशवी काढताना अंडाशयं पण काढली तर पाळी जायचे सगळे परिणाम एका दिवसात अंगावर येतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हार्मोन बंद, हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचा धोका वाढतो. पस्तिशीच्या बाईला, जिला अजून वीस-पंचवीस वर्षं केळीच्या मळ्यात राबायचंय! अंडाशयं ठेवली तरी त्यांना रक्त पुरवणारी एक शाखा पिशवीच्या धमनीतूनच येते, त्यामुळे तीही काही वर्षं आधी थकू शकतात.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, अंग बाहेर येत असेल आणि दुसरा इलाज चालत नसेल, गाठींमुळे रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन खाली आलं आणि औषधाने थांबत नाही, तर काढावीच लागते. पण पांढरं जाणं हे काढायचं कारण नाही, वास किंवा खाज असेल तर बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं आणि ते औषधाने जातं. जास्त जात असेल तर रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवतात तिनेही पुष्कळ फरक पडतो. कॅन्सरची भीती घातली तर तपासणी कुठली केली ते विचारा. तुकडा काढून तपासलाय का, पिशवीच्या तोंडाची तपासणी झालीय का? बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही गरज नसताना पिशवी काढण्याविरुद्धच्या केंद्राच्या गाइडलाइन्स राज्यांनी लागू करायला सांगितल्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तारीख घ्यायच्या आधी तिथे एकदा दाखवून यायला फार खर्च नाही.

आणि एक, पाळी जाऊन वर्ष झालं आणि मग परत थोडंसं जरी रक्त दिसलं तर मात्र लाजून घरात बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशयं ठेवलीत की काढलीत हे अनेक बायकांना माहीतच नसतं, माझ्या काकूलाही नव्हतं, मी कागद वाचून सांगितलं. दोन्ही काढली असतील आणि वय ४५ च्या आत होतं तर डॉक्टरांशी हार्मोनच्या गोळ्यांबद्दल बोला, हाडांची तपासणी करून घ्या. कार्ड सापडत नसेल तर त्या दवाखान्यातून रेकॉर्डची कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे.